गाळलेल्या चार ओळी

शंकर, परवा तुझ्या शोकसभेत मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं. कॉलेजातला मोठा वर्ग भरला होता. तापाची साथ ओसरून जेमतेम महिना झालेला, त्यामुळे माणसं एकमेकांपासून जरा अंतर ठेवून बसली होती. कुणी खोकलं की माना वळत होत्या. तुझ्या परीक्षांचे वर्ग सांगून झाले, पुस्तकांची नावं घेऊन झाली. मग अध्यक्ष म्हणाले, "आता प्रोफेसरांचे बालमित्र आणि त्यांना जुन्या कागदांच्या नकला करून देणारे दफ्तरातले कारकून, दस्तगीर जमादार." मी उठलो, "शंकर" एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं दुःखानं बोलवेना. दुःख होतंच, पण खाली बसवलं ते भीतीनं. म्हणून आता घरी बसून लिहितोय, तुलाच उद्देशून. तिथं जे सांगायचं राहिलं ते सगळं.

हातकणंगल्याच्या पलीकडं आपलं गाव. तुझं घर तालमीला लागून, माझं मशिदीच्या बोळात. शाळा चावडीच्या ओसरीवर भरायची आणि मास्तरांना दुपारी डुलकी लागली की तू आम्हाला गोष्टी सांगायचास. तुझ्या गोष्टींत राजा फारसा नसायचा. राजाच्या शेजारी उभा असलेला माणूस असायचा. "हुकूम राजा देतो, पर त्येच्या कानात कोण सांगतं ते बघाय पायजे," असं तू बोललास तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं.

महाराजांनी बोर्डिंगं काढली तेव्हा तुझा बाप तुला भाकरीच्या गठुड्यासकट कोल्हापुरात सोडून आला. त्याला तू मामलेदार व्हायला हवा होतास. वर्षभरानं मी आलो, मामाकडं. मामा दफ्तरात होते, त्यांनी मला मोडी शिकवली आणि आपल्या गादीशेजारी बसवलं. तू बी. ए. झालास, एम. ए. झालास, कॉलेजात इतिहास शिकवायला लागलास. बाप एकदा बघायला आला आणि म्हणाला, "म्हंजे नेमकं करतोस काय?"

"मेलेल्या कारभाऱ्यांची चौकशी."

"जित्यांची केली असतीस तर मामलेदार तरी झाला असतास की."

हे तू मला सांगताना इतका हसलास की वहिनी आतून बघायला आल्या.

दफ्तरातला कागद बाहेर न्यायची परवानगी नव्हती. आठवडाभर मी मोडी कागदांच्या बाळबोध लिपीत नकला करायचो. प्रत्येक नकलेखाली 'अस्सलबरहुकूम' लिहायचो, म्हणजे मूळ कागदात आहे तसंच इथं आहे, आणि खाली सही करायचो. रविवारी सकाळी शाहूपुरीतल्या तुझ्या घरी यायचो. तुझे डोळे वर्षावर्षानं मंद होत चालले होते. दिव्याखाली वाचलं की दुसऱ्या दिवशी पाणी यायचं. म्हणून मी मोठ्यानं वाचायचो आणि तू ऐकायचास. लढाया, तह, मानपान निघाले की तुझा चेहरा कोरा. पण एखाद्या मोठ्या कारभाऱ्यानं पत्राच्या शेवटी घरच्या गड्याबद्दल दोन शब्द लिहिलेले निघाले की तू पुढं सरकायचास. "परत वाच." नोकराला तो काय म्हणून हाक मारतो, आजाऱ्याला औषध धाडलं का, हे तुला आधी हवं असायचं. कॉलेजात शुद्ध मराठीत आणि त्याहून शुद्ध इंग्रजीत शिकवणारा तू, त्या वेळी अगदी गावातला व्हायचास. "ह्यो माणूस वाईट न्हवता गड्या. बघ की, कुत्र्याचीबी चौकशी केलीया."

भांडायचो आपण एकाच गोष्टीवरून. मी म्हणायचो, "तू नुसत्या कारभाऱ्यांचं लिवतोस. दारावर जो उभा असतोय त्येचं कोण लिवणार?"

"त्येचा कागद आण. लिवतो."

"त्येचा कागद कसा असंल? त्येला लिवाय कुठं येत हुतं?"

"मग मी काय करू? मनानं लिवू? मनानं लिवलं की त्येची कादंबरी हुती, दस्त्या."

वर्षानुवर्षं हे चाललं. तुझंही बरोबर होतं आणि माझंही. मिटलं कधी नाही.

मग ते पत्र आलं. आपल्या आज्यांच्या काळात गडावर बंड झालं होतं, ते ज्या कारभाऱ्यानं मिटवलं त्याचं चरित्र तू लिहीत होतास. तुझं म्हणणं होतं की या माणसानं रक्त न सांडता, नुसत्या बोलण्यानं गड ताब्यात घेतला. पुस्तकाचा कणाच तो होता. त्या कारभाऱ्यानं कंपनीच्या साहेबाला धाडलेल्या पत्राची प्रत दफ्तराच्या एका रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, मला सापडली. दुपारची वेळ होती, शेजारचे कारकून जेवायला गेले होते. पहिली बाजू उतरवून झाली. पान उलटलं. तळाशी चार ओळी होत्या.

त्यांत असं होतं: गडाचा दरवाजा हुसेन जमादार यानं आतून उघडला. कुणाच्याही जिवाला धक्का लागणार नाही, असं वचन त्याला दिलं होतं. ते पाळणं सोयीचं पडलं नाही. सात जणांना फाशी दिली. सातांची नावं. आणि शेवटी, जमादाराला जमीन इनाम दिलेली आहे, तेव्हा तो बोलणार नाही.

हुसेन जमादार माझा आजा. ती जमीन म्हणजे ओढ्याकाठचं आमचं रान. आज्यानं लढाईत मर्दुमकी केली म्हणून मिळालं, असं लहानपणापासून ऐकलेलं. त्या रानात खोपट बांधून माझी अम्मा अजून राहते. आणि ती सात नावं परकी नव्हती. ती घरं आपल्याच गावात आहेत. त्यांच्या पोरांबरोबर आपण विटीदांडू खेळलो. त्यांच्या बायका अम्माला ईदला साखर आणि सणाला पोळी देतात.

मी टाक खाली ठेवला. हात धुऊन आलो. परत बसलो, चार ओळींच्या वरच्या ओळीला पूर्णविराम दिला आणि खाली 'अस्सलबरहुकूम' लिहून सही केली. माझं अक्षर नेहमीसारखंच आलं, जरासुद्धा हललं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं.

रविवारी मी ते वाचलं. तू डोळे मिटून ऐकलंस आणि मांडीवर थाप मारलीस. "बघ! एक दार मोडलं न्हाय, एक माणूस मारला न्हाय. म्हणलं हुतं का न्हाय मी?" मी म्हणालो, "व्हय की."

पुस्तक निघालं. नावाजलं गेलं. कारभाऱ्यांच्या वंशजांनी तुला घरी बोलावून शाल घातली. तू ती वहिनींकडे देऊन म्हणालास, पेटीत तळाला ठेव, मला असलं काय बरं दिसत न्हाय. दुसरा भाग लिहायला घेतलास.

गेल्या साली आषाढात पुण्याच्या एका मासिकात तो लेख आला. त्याच पत्राची दुसरी प्रत त्या गृहस्थांना कुठल्याशा घराण्यात मिळाली होती. त्यांनी अख्खं पत्र छापलं, चार ओळी ठळक करून. आणि विचारलं की कोल्हापूरच्या प्रोफेसरांनी नेमक्या ह्याच ओळी का गाळल्या? शालीसाठी? शेवटी एक वाक्य होतं, बोर्डिंगातून माणूस एम. ए. होईल, इतिहासकार होईलच असं नाही. ते वाक्य तुझ्या बापापर्यंत पोचलं नाही, एवढंच बरं. तो आधीच गेला होता.

तुझ्या वर्गात फळ्यावर कुणीतरी शाल पांघरलेलं गाढव काढलं. तू ते पुसलंस आणि तास घेतलास, असं तुझा विद्यार्थी मला सांगत होता. दुसरा भाग छापायला घेतलेल्या छापखान्यानं 'सध्या टाईप मोकळा नाही' असं कळवलं. रंकाळ्यावर फिरायला येणारी मंडळी तुला बघून वाट बदलायला लागली. काहीजण उलट मुद्दाम जवळ येऊन "आम्ही तुमच्या बाजूचे" म्हणायचे. त्याचा तुला जास्त त्रास व्हायचा.

लेख आल्यानंतरच्या रविवारी, मी यायच्या आधी तूच माझ्याकडे आलास. छत्री दाराशी टेकवलीस, पायरीवरच बसलास. आत ये म्हटलं तर आला नाहीस.

"दस्त्या, त्या पत्राच्या दुसऱ्या बाजूला तळाला काय हुतं रं?"

तू माझ्याकडे बघत नव्हतास, समोरच्या चिखलाकडे बघत होतास. मला बोलता आलं असतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, आपण दोघंच. आणि मी म्हणालो, "तळ कसरीनं खाल्लेला हुता. लागत न्हवतं वाचाय."

"असंल," म्हणालास. छत्री उचललीस. "आज ये की मग. तुझी वहिनी वाट बघत असंल."

पुढच्या महिन्यात त्याच मासिकात तुझं उत्तर आलं. मला वाटलं होतं लांबलचक असेल, तुझा राग मला माहीत होता. तीन वाक्यं होती. त्या ओळी माझ्या पुस्तकात नाहीत, ही चूक आहे. मूळ कागद तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. दोष सर्वस्वी माझा. नकला करणाऱ्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी ते वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं, जणू तो माझ्या सुटकेचा कागद होता.

आणि रविवार चालूच राहिले. हेच मला आज सगळ्यांत अवघड जातं. वर्षभर मी येत राहिलो, चहा घेत राहिलो, नकला वाचत राहिलो. तू ऐकत राहिलास. फक्त मांडीवर थाप मारणं बंद झालं होतं. कधी वाचता वाचता थांबलो, तर तू विचारायचास, "संपलं?" मी "संपलं" म्हणायचो. तुझ्या आवाजात काही वेगळं होतं का, हे मी आता परत परत आठवून बघतो. मला ते ऐकू येत नाही.

विलायतेकडची मोठी लढाई संपत आली आणि तो ताप आला. घराघरांत माणसं आडवी झाली, पंचगंगेच्या घाटावर लाकूड मिळेना, आमच्या कबरस्तानात खड्डे खणायला माणूस मिळेना. मी आठ दिवस पडून उठलो. तू पडलास ते कळल्यावर काठी टेकत आलो. तुझा चेहरा काळवंडला होता. वहिनी उशाशी ओल्या फडक्याचा बोळा घेऊन बसल्या होत्या.

"आज काय आणलंस?" तू विचारलंस.

"आज कागद न्हाय आणला."

"मग तोंडानं सांग की काय तरी."

शंकर, मी तुला गुऱ्हाळाचं सांगितलं. गावाकडं घाणा लागला, औंदा उसाला रस चांगला हाय, काकवी धाडतो म्हणून सांगितलं. तू ऐकत होतास की झोपला होतास कळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी मी दफ्तरात रुजू झालो. रुमाल बांधणारे एक म्हातारे शिपाई तुझ्याबद्दल बोलायला लागले. "लई भला माणूस. त्यो लेख आला बघा, त्येच्या दुसऱ्या दिवशी आलते. तुमी त्या दिवशी उरुसाला गेलता. भिंग आणलंतं. एकच कागद मागितला, खिडकीशी घिऊन बसले, दोन तास. मी म्हणलं, साहेब, कसरीनं खाल्लाय का? तर म्हणले, न्हाय मामा, लख्ख हाय."

म्हणजे पायरीवर बसून तू मला विचारलंस तेव्हा तुला ठाऊक होतं. तुला उत्तर नको होतं. तू मला दार उघडून दिलं होतंस.

त्याच संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"भावजी," त्या म्हणाल्या, "त्या लेखानंतर ह्यांचं जेवण तुटलं. चतकोर भाकरी खाऊन उठायचे. रविवारी तेवढं तुमच्यासंगं बसून चार घास जास्त खायचे, म्हणून मी तुमची वाट बघायची." मग म्हणाल्या, "तुमी समोर बसून खात हुता."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"मला कशाला सांगताय? मला काय करायचं हाय आता? ज्येंचं हाय त्येंना जाऊन सांगा."

त्यांनी मला चहा विचारला नाही. दार लावून घेतल्याचा आवाज मी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हातकणंगल्याला उतरलो आणि चालत रानात गेलो. अम्मा म्हशीला वैरण टाकत होती. मी तिला बसवलं, हात हातात घेतला आणि आज्याचं सांगायला लागलो. मी निम्म्यावर आलो तेव्हा ती म्हणाली, "मला ठावं हाय."

"कवापासनं?"

"तुझ्या आज्यानं मरताना मलाच सांगितलं. त्येला वाटलं हुतं समदी वाचतील. शबूद दिल्ता त्येला. मग सात जणांस्नी टांगताना बघाय लावलं. त्यानंतर त्यो मान्सात कधी बसला न्हाय."

"मग बोलली का न्हाईस मला?"

"तू इचारलंस कवा? शंकर तेवढा इचारून गेला."

मला आधी समजलंच नाही. मग ती सांगत गेली. गेल्या साली श्रावणात, भर पावसात तू एकटा आला होतास. खोपटात कांबळ्यावर बसलास, तिच्या हातची भाकरी-भाजी खाल्लीस, आज्याबद्दल एकेक गोष्ट विचारलीस. कसा दिसायचा, काय बोलायचा, रात्री झोपायचा का. लिहून काही घेतलं नाहीस. निघताना तिच्या पाया पडलास.

"आनि म्हणला, अम्मा, मी आलतो हे दस्त्याला सांगू नका. त्यो आपणहून सांगंल मला. जरा येळ लागंल त्येला."

तू वर्षभर दर रविवारी वाट बघत होतास, शंकर. मी ज्या अम्मासाठी लपवलं तिला ते ठाऊक होतं. ज्या मित्राच्या समोर लपवलं त्यालाही ठाऊक होतं. त्यांना ते ठाऊक आहे, हे तेवढं माझ्यापासून लपलेलं होतं. दारावरच्या माणसाचा कागद आण म्हणत होतास, तो माझ्या हातात आला होता आणि मी तो तुझ्यापर्यंत पोचू दिला नाही. तू ते पान लिहिलं असतंस. कारभाऱ्याला झोडपून नव्हे, आज्याला धुऊन नव्हे, जसं होतं तसं. तसं लिहिणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

मासिकाला मी पत्र धाडलं, की नक्कल माझी, गाळणारा मी, प्रोफेसर निर्दोष. संपादकांनी ते परत पाठवलं. प्रोफेसर दिवंगत झाले असल्यानं तो वाद आता संपला आहे, जागेचीही टंचाई आहे, असं कळवलं. त्यामुळे छापलेल्या जगात तू शाल घेऊन ओळी गाळणाराच राहणार आहेस. यावर माझ्याकडे सध्या तरी इलाज नाही. मी आणखी दोन ठिकाणी लिहिलंय.

काल मी परत गावाला गेलो. त्या सात घरांतल्या माणसांना सकाळी चावडीवर बोलावलं होतं. दहा-बाराजण आले, चार म्हाताऱ्या आल्या. मासिक गावापर्यंत पोचलेलं नव्हतं, कशाला बोलावलंय ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी उभा राहिलो. ह्या वेळी बसलो नाही. आधी आज्याचं नाव सांगितलं, दार त्यानं उघडलं हे सांगितलं, रान कशाबद्दल मिळालं ते सांगितलं. मग ह्या वेळी पुरी उतरवून आणलेल्या नकलेतून त्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या, सगळ्या.

वेशीजवळच्या घरातला एकजण उठला, माझ्यासमोर थुंकला आणि निघून गेला. बाकीचे बसून राहिले. मला वाटलं आता सगळेच उठतील. तेवढ्यात खांबाला टेकलेली एक म्हातारी म्हणाली, "ती नावं परत वाच."

मी वाचली.

"सावकाश वाच की रं. घाई कशाची हाय?"

मी एकेक नाव घेतलं आणि थांबलो, परत एक घेतलं. चौथ्या नावाला तिनं हात वर केला.

"म्हादबा न्हवं. म्हादू. म्हादबा त्येचा चुलता, त्यो अंथरुणात म्येला. फाशी गेला त्यो म्हादू. माझ्या सासऱ्याचा बाप."

"कागदात म्हादबाच लिवलंय, आजी."

"मग कागद चुकला. ल्ही."

मी खाली बसलो, कागद गुडघ्यावर घेतला आणि समासात 'म्हादू' असं लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती वाकून, मी शेवटचं अक्षर पुरं करीपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "आता फुडचं वाच."